कसेल त्याचा संघ

ऑगस्टचा पहिला आठवडा लागला की पिंपरी पेंढारच्या सचिवांचा फोन लोक उचलेनासे होतात. एरवी हाच नंबर दिसला की माणूस हातातलं खुरपं टाकून धावतो, कारण सचिवांचं कृषी सेवा केंद्र आहे आणि युरियाची गाडी कधी लागणार हे त्यांच्याइतकं नक्की कुणाला ठाऊक नसतं. ऑगस्टातला फोन मात्र युरियाचा नसतो.

“भाऊ, एक संघ मोकळा झालाय. घेता का?”

“कुठला? दूध संघ का खरेदी-विक्री संघ?”

“फुटबॉलचा.”

“आपल्या गावात फुटबॉल कधी सुरू झाला?”

“गावात नाय हो. इंग्लंडात.”

यावर पलीकडचा माणूस क्षणभर गप्प राहतो आणि मग ओरडतो, “हॅलो, हॅलो! मोटर चालू हाय, काय ऐकू येईना!” लाईट सकाळपासून गेलेली आहे हे त्यालाही माहीत असतं आणि सचिवांनाही.

कल्याण-नगर महामार्गावर ओतूर मागे टाकून आळेफाट्याकडे निघालं की पिंपरी पेंढार लागतं. दोन्ही अंगांना ऊस, कांदा, टोमॅटो, आणि उसात बिबट्या. या गावात फॅन्टसी फुटबॉलची लीग खरोखर आहे का, अशी चौकशी वाचकांनी करू नये. फॅन्टसी फुटबॉल म्हणजेच मुळात कल्पनेतल्या संघांची कल्पनेतली लढाई. तिच्यातले सचिव आणि मालकही लेखकाच्या कल्पनेतले निघाले, तर फार तर कल्पना दुप्पट होईल. पुढे येणारी साल-तारीख, गोल आणि भाव मात्र खरे आहेत.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही, म्हणजे जे शनिवारी दुपारी सुखानं झोपतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. दहा जण जमतात आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खरे खेळाडू लिलावात आपसांत वाटून घेतात. तिकडे हालांडनं गोल मारला की इकडे हालांडच्या मालकाच्या खात्यावर गुण पडतात. या मालकानं हालांडला कधी पाहिलेलं नसतं, पगार दिलेला नसतो, आणि आपण पिंपरी पेंढारच्या एका गृहस्थांच्या मालकीचे आहोत याची हालांडला खबर नसते. तरी “माझा हालांड” म्हणताना त्या गृहस्थांचा जो सूर लागतो, तो स्वतःच्या खोंडाबद्दल बोलतानाही लागत नाही.

हे खूळ काही इथं निघालेलं नाही. 1962 साली ऑकलंड रेडर्स नावाच्या अमेरिकी संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाक, संघाच्या प्रसिद्धीचं काम बघणारा एक माणूस आणि एक पत्रकार असे तिघं न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसले होते. अमेरिकी फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात, ते एक असो. त्या वर्षी रेडर्सनी 14 पैकी 13 सामने हरून दाखवले. खरा संघ असं करायला लागला की माणसाला खोटा संघ काढावासा वाटणारच. 1963 च्या ऑगस्टात विंकेनबाक यांच्या घरी आठ मालकांची पहिली निवड झाली आणि शेवटच्या नंबरावर येणाऱ्यासाठी मूर्खाची टोपी घातलेलं एक लाकडी ध्यानही तयार झालं. थोडक्यात, खेळाचे नियम आणि हरणाऱ्याची फजिती या दोन्ही गोष्टी एकदमच जन्माला आल्या. पिंपरी पेंढारच्या लीगमध्ये त्या ध्यानाच्या जागी मिसळ आहे. शेवटचा आलेला मालक बाकीच्या नऊ जणांना आळेफाट्यावर मिसळ खाऊ घालतो, आणि जादा पाव कोणाच्या हिशोबात धरायचा यावर दरवर्षी भांडण होतं.

लीग 2017 साली सुरू झाली तेव्हा दहा मालक होते. आजही दहा आहेत. त्या दहांतले किती उरलेत म्हणाल तर तीन: एक सचिव, एक मास्तर, आणि एक असे गृहस्थ की आपण अजून लीगमध्ये आहोत हे त्यांना ठाऊक नाही. बाकी सात जागांवर आतापर्यंत बावीस मालक येऊन गेले. पुण्याच्या पेठेतल्या एखाद्या खोलीत इतके भाडेकरू बदलले असते, तर घरमालकानं एव्हाना वास्तुशांत करून घेतली असती.

माणसं का सोडून जातात याचा सचिवांचा अभ्यास दांडगा आहे. पहिलं कारण लग्न. एका मालकाच्या नव्या नवरीनं आठव्या दिवशी सासूला विचारलं, “हे रात्री साडेबाराला उठून ‘साका, साका’ करतात, ही साका कोण?” बुकायो साका हा आर्सेनलचा तगडा बाप्या आहे हे पटवायला फोटो दाखवावे लागले. संघ त्याच आठवड्यात मोकळा झाला. दुसरं कारण वाशी मार्केट. जुन्नर-आंबेगावातली कित्येक घरं कांदा-बटाट्याच्या धंद्यापायी मुंबईशी बांधलेली. पोरगा तिकडे गाळ्यावर बसला की रात्र गाड्या उतरवण्यात आणि दिवस झोपण्यात जातो. तिसरं कारण निवडणूक. एक मालक पंचायतीला उभे राहिले आणि म्हणाले, “आता मी सगळ्यांचा. एका संघाचा राहून चालणार नाय.” ते पडले. मग पुन्हा एका संघाचे व्हायला आले, तोवर संघ दुसऱ्याचा झाला होता.

चौथं कारण सचिवांच्या जिव्हारी लागलं. एका मालकाला नोकरी लागली ती थेट मँचेस्टरला. सचिवांनी गावात पेढे वाटले. आपला माणूस आता मैदानाच्या दारात, आतल्या बातम्या कळतील, कोण लंगडतोय, कोण सरावाला आला नाही. दुसऱ्याच महिन्यात त्याचा निरोप आला: “काका, मला लीगमधून काढा. इथं कुणी एवढं बघत नाही.”

माणसं राहिली तरी वेळ पाळत नाहीत, हे निराळंच. आठवड्यातल्या पहिल्या सामन्याच्या आधी दीड तास संघ कळवायचा असतो. इंग्लंडातला शनिवारचा पहिला सामना तिकडे दुपारी साडेबाराला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी पाच. मुदत साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची माणसं घड्याळं तासभर मागं करतात आणि मुदत साडेचारला जाते. यानं कुणाचं बिघडत नाही, उलट तासभर जास्त मिळतो आणि आळसाला सवय लागते. खरा दगा मार्चअखेरीला. तिकडे घड्याळ पुन्हा पुढं सरकतं, मुदत परत साडेतीनवर येते, आणि आपली माणसं सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करण्याच्या रांगेत उभी असतात. “साहेबांना वेळेचं बंधन नाय, आणि आम्हाला म्हणं वक्तशीरपणा त्यांनी शिकवला,” असं मास्तर दरवर्षी म्हणतात. म्हणतात तेव्हा चार वाजलेले असतात.

एकदा मास्तरांनी मुदत चुकवली आणि दोष इंटरनेटला दिला. सचिवांनी त्यांना थेट खोडदची वाट दाखवली. खोडदला, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओलहरी पकडतात. “ते तिथनं ऐकतात आणि तुमचा मेसेज टपरीवरनं घरापर्यंत येत नाय व्हय?” मास्तर म्हणाले, “त्यांच्याकडं तीस हायत. माझ्याकडं एक मोबाईल.”

इथं लीगची वही दाखवायला हवी. गुण मोजायला ॲप आहे, पण ॲप दरवर्षी पाटी कोरी करतं. सचिवांना ते मान्य नाही. घेतलेला खेळाडू पुढच्या वर्षीही आपलाच, असा त्यांचा नियम. अमेरिकेत अशा लीगला घराणं या अर्थाचा शब्द आहे, आणि मालक सोडून गेलेल्या संघाला चक्क अनाथ म्हणतात. सचिवांना अनाथ हा शब्द चालला नाही. ते म्हणतात ‘पड’. जमीन पड असते तसा संघ पड. कारण त्यांची वही म्हणजे शुद्ध सातबारा आहे: वर मालकाचं नाव, खाली खेळाडूंची पिकं, उजवीकडं ‘इतर हक्क’. मालक बदलला की नोंद आपोआप होत नाही, फेरफार पडतो, फेरफाराला नंबर असतो, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत. ‘इतर हक्का’त बोजे. पुढच्या वर्षीची पहिली निवड ज्यानं आज विकली, त्याच्या उताऱ्यावर तसा बोजा चढतो. म्हणून सचिवांचा कडक नियम: पुढच्या वर्षीची निवड विकायची असेल तर पुढच्या वर्षाच्या मिसळीची हमी आधी लिहून द्यायची. अमेरिकेतल्या मुरलेल्या लीगवालेही असंच करतात, पुढच्या वर्षीचं विकायचं तर पुढच्या वर्षीची वर्गणी आधी. मालक रातोरात पळाला तरी निदान वर्गणी राहते.

वही आणि दुकानाची उधारीची वही एकाच कव्हराची आहे, हे मात्र सचिवांना महागात पडलं. एका शेतकऱ्याला ‘बाकी: एक राईट बॅक’ अशी चिठ्ठी गेली आणि तो दोन दिवस फवारणीचा पंप उलटा-सुलटा करून हा पार्ट शोधत होता.

2023 चा जुलै आठवावा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढं भाव गेला होता. कधी नव्हे ती टोमॅटोवाल्याची मान ताठ झाली. लीगमधले एक मालक टोमॅटोवाले. ते लिलावाला आले तेच पांढऱ्या कपड्यांत. लिलाव पैशांत नसतो, प्रत्येकाला शंभर गुण मिळतात आणि त्यांतच पंधरा खेळाडू बसवायचे. पण तेजी अंगात भिनली की माणसाला गुण आणि रुपये यांतला फरक दिसत नाही. हॅरी केनचं नाव निघालं तसं टोमॅटोवाले म्हणाले, “साठ.”

सचिव म्हणाले, “अहो, आधी कोणीतरी दहा म्हणू द्या.”

“साठ म्हणलं ना. माल चांगला असला की भाव बघायचा नाय.”

केन साठ गुणांना गेला. 11 ऑगस्टला हंगाम सुरू झाला आणि 12 ऑगस्टला केन टॉटनहॅम सोडून जर्मनीत बायर्न म्युनिकला गेला. तिथं त्यानं रग्गड गोल मारले, पण जर्मनीतल्या गोलाला पिंपरी पेंढारात भाव नाही. सप्टेंबरात नारायणगावचा टोमॅटोही कोसळला, इतका की तोडणीची मजुरी सुटेना. टोमॅटोवाल्यांनी एकाच आठवड्यात बाग आणि संघ दोन्ही सोडलं. त्यांच्या उताऱ्यावर नोंद झाली: पड.

पड संघ नऊ जणांच्या लीगला पोखरतो. प्रत्येक खेळाडू एकाच मालकाचा असल्यामुळं तिथं अडकलेला चांगला गडी कुणालाच वापरता येत नाही. शिवाय ज्याचा सामना पड संघाशी, त्याचा फुकटचा विजय. मग ज्याचा सामना तिथं नाही तो बोंबलतो. सचिवांनी तोडगा काढला, संघ वाट्यानं द्यायचा. जमीन निम्म्या वाट्यानं देतात, संघ का नको? राबणारा एक, मालक एक, मिसळीचा मान अर्धा-अर्धा.

पण माणूस मिळायला हवा. त्यासाठी सचिवांनी जो उद्योग केला तो एखाद्या बापानं थोरल्या मुलीसाठीच करावा. संघाचा बायोडाटा तयार झाला. वय सहा वर्षं, प्रकृती निरोगी, एक गुडघा दुखावलेला. घराणं चांगलं, पूर्वी दोनदा दुसरा नंबर. अपेक्षा: निर्व्यसनी, स्मार्टफोन असलेला, शनिवारी दुपारी शुद्धीवर असणारा. चार ठिकाणी दाखवून झालं. एकानं संघातले तीन गडी बघून तोंड फिरवलं. महरेझ, फिर्मिनो, फाबिन्हो, तिघंही त्याच उन्हाळ्यात सौदी अरबस्तानात गेलेले. “पंधरातले तीन तर परदेशात,” तो म्हणाला. सचिव म्हणाले, “अहो, सगळे पंधराच्या पंधरा परदेशात हायत!” दुसऱ्याच्या आईनं विचारलं, पगार किती? तिसरा म्हणाला, कळवतो. लग्नाच्या बाजारात ‘कळवतो’चा अर्थ ज्याला कळतो त्याला फुटबॉलच्या बाजारातही कळतो.

शेवटी डेअरीवर दुधाची फॅट लावणारा एक पोरगा तयार झाला. त्याला फुटबॉलची आवड नव्हती. आकड्यांची होती. पहाटे सहाला म्हशींचे आकडे, संध्याकाळी गायींचे, मधल्या वेळेत काय करायचं? त्यानं संघ ताब्यात घेतला आणि पहिल्याच दिवशी कोणी न घेतलेला एक गडी उचलला. कोल पामर. 1 सप्टेंबरला मँचेस्टर सिटीनं चेल्सीला विकलेला, फारसं नाव न झालेला पोरगा. मालकांच्या सभेत हशा पिकला. मास्तर म्हणाले, “सिटीनं सोडलाय तो आपण कशाला घ्यायचा? भाकड म्हणून विकली असंल.” डेअरीवाला म्हणाला, “गोठा बदलला की कधीकधी फॅट वाढते.”

पुढचं फुटबॉलवाल्यांना माहीत आहे. पामरनं त्या हंगामात लीगमध्ये 22 गोल मारले. पोरानं पंधरा गड्यांची निगा अशी राखली की सचिवांना लाज वाटावी. दर शुक्रवारी कोण आजारी, कोण बसून, कोण खाल्लेलं अंगी लावत नाही, सगळं डेअरीच्या तक्त्यात. रात्री साडेबाराचा सामना तो उसाला पाणी द्यायला गेला की बांधावर बसून बघायचा. थ्री-फेज बऱ्याचदा रात्रीच मिळायची, त्यामुळं इंग्लंडचा खेळ आणि इथली पाळी यांचा मेळ बसायचा. बिबट्यासाठी मोबाईलचा आवाज मोठा ठेवायचा असतोच. आपण घाबरून आवाज वाढवला की गोल झाला म्हणून, हे त्या शिवारात कुणाला ओळखता येत नसे.

मार्च 2024 संपला तेव्हा पड संघ पहिल्या नंबरावर होता. आणि 1 एप्रिलला टोमॅटोवाले दुकानात आले. पांढऱ्या कपड्यांत.

“सचिव, आमचा संघ कसा काय म्हणतोय?”

“तुम्ही सोडला होता ना?”

“सोडला नव्हता. वाट्यानं दिला होता. उतारा काढा. वर नाव कुणाचं हाय?”

उतारा निघाला. वर नाव टोमॅटोवाल्यांचं, वहिवाट डेअरीवाल्याची. दुकानात त्या दिवशी खताला आलेली माणसंही बसून राहिली, कारण असा वाद जुन्नर तालुक्यात दर दुसऱ्या घरानं पिढीला एकदा पाहिलेला असतो. इंग्लंडातला फुटबॉल ज्यांना कळत नव्हता त्यांना हा सामना नियमांसकट कळत होता. दोन तट पडले. एक म्हातारे आजोबा म्हणाले, “पोरा, पावती घेतली होती का?” पोरानं वाट्याची पावती घेतलेली नव्हती. दुकानभर सुस्कारा सुटला. तो सुस्कारा फुटबॉलचा नव्हता.

मग मास्तरांनी तोंड उघडलं. कुळवहिवाटीचा कायदा 1948 चा, त्यांनी सुरुवात केली, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं तिचा मालक मानला गेला. “आज तारीख काय?” मास्तरांनी विचारलं. कोणीतरी कॅलेंडर बघितलं. “एक एप्रिल.” मास्तर खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मुदत पाळली होती.

टोमॅटोवाले म्हणाले, “एक एप्रिलला काहीही म्हणतात लोक. एप्रिल फूल.”

निकाल सचिवांनी राखून ठेवला. चार दिवसांनी, आपल्याकडच्या 5 तारखेच्या पहाटेआधी, चेल्सी मँचेस्टर युनायटेडशी खेळताना नव्वद मिनिटं उलटल्यावरही 2-3 नं मागं होती. शंभराव्या मिनिटाला पामरनं बरोबरी केली आणि पुढच्याच मिनिटाला सामना 4-3 केला. तीन गोल एकट्याचे. बांधावर पोरगा ओरडला, वस्तीवरची कुत्री भुंकली, चार घरांत लाईट लागली आणि बिबट्या आला म्हणून फटाके वाजले. गावात फुटबॉलच्या गोलाला फटाके फुटण्याची ती पहिलीच वेळ. सकाळी टोमॅटोवाल्यांनी फोन केला, “आपल्या पामरनं काय केलं बघितलं का?”

“आपल्या?” पोरगा म्हणाला.

तोडगा नारायणगावनं दिला. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. पिंपरी पेंढारची माणसंही गेली होती. फडांच्या पाट्या बघता बघता सचिवांना उजेड पडला. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. तमाशात फड पिढीला बदलतो, मालक बदलतो, कधी माणूस जगातून जातो, पण नाव पुसत नाहीत, मध्ये ‘सह’ घालतात. अक्षरांच्या एका जोडीत केवढा भाऊबंदकीचा निवाडा! संघाचं नाव ठरलं ‘टोमॅटोवाले सह डेअरीवाले’. मग नाव आधी कोणाचं, यावर आणखी तीन दिवस गेले. तोवर 15 एप्रिलला पामरनं एव्हर्टनला चार गोल घातले आणि डेअरीवाल्याचं नाव आपोआप पुढं आलं.

त्या वर्षापासून सगळ्या संघांच्या पाट्या लांबल्या. एका संघाच्या नावात तीन ‘सह’ आहेत आणि ते नाव ॲपमध्ये बसत नाही.

सचिवांना कोणी हिणवलं की एवढी मालकांची ये-जा असेल तर लीग बंद करा, की ते पुण्याकडं बोट दाखवतात. आमची माणसं बदलली तरी मिसळ चालू आहे, पुण्याचं काय? सहारानं 370 दशलक्ष डॉलर मोजून घेतलेला पुणे वॉरियर्स 2011 ते 2013 तीन हंगाम तळाशी खेळला आणि गेला. मग रायझिंग पुणे सुपरजायंट्स आले. ते एक वर्ष ‘जायंट्स’ होते, दुसऱ्या वर्षी शेवटचा ‘स’ गाळून ‘जायंट’ झाले, 2017 ची फायनल मुंबईकडून एका धावेनं हरले आणि त्यांनीही गाशा गुंडाळला. एक अक्षर कमी केलं, एक धाव कमी पडली, असं मास्तरांचं गणित. फुटबॉलमध्ये भारत एफसी बालेवाडीत एकच हंगाम, 2014-15, खेळला. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये मिटला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. पुढं हैदराबादवाले 2025 मध्ये दिल्लीला गेले. “त्यांच्याकडं सगळं खरं होतं,” सचिव म्हणतात, “मैदान खरं, खेळाडू खरे, कोट्यवधी रुपये खरे. फक्त सचिव नव्हता.”

बैलगाड्याचं उदाहरणही ते देतात. 2014 च्या मेमध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या आणि 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली. मधली सात वर्षं घाटात अधिकृत बारी नाही, बक्षीस नाही, तरी जुन्नर-आंबेगावातल्या गाडामालकांनी दावणीचा बैल आणि त्याचा खुराक सोडला नाही. “आणि आमच्या मालकांना दर शनिवारी सामना असून अकरा नावं टाइप करवत नाहीत.” यावर कोणी म्हणालं की बैल दारात हंबरतो, हालांड हंबरत नाही. सचिवांनी विचार केला आणि ते मान्य केलं. तेव्हापासून शुक्रवारी रात्री प्रत्येक मालकाला सचिवांचा स्वतःच्या आवाजातला मेसेज जातो. तो ऐकलेल्यांनी हंबरण्याचा उल्लेख टाळलेला बरा.

2025 चा ऑगस्ट सगळ्यांत वाईट गेला. संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. 2008 साली मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम 11 या फॅन्टसी खेळांच्या कंपनीनं पैशाचे सामने बंद केले आणि भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरून तिचं नावही उतरलं. त्याच दिवसांत एका संध्याकाळी एका मालकाचे वडील पेपर घेऊन दुकानात हजर.

“नाव काढा पोराचं. सरकारनं बंदी घातलीय.”

“तात्या, आपल्यात रुपया नाय. बंदी पैसे लावायला हाय, डोकं लावायला नाय.”

“डोकं लावत असता तर शेवटून दुसरा आला असता का?”

“आणि मिसळ?” मागून कोणीतरी विचारलं. “मिसळ धरतात का त्यात?”

सचिव गप्प झाले. कायद्यात मिसळीचा उल्लेख नाही, पण रस्सा पातळ निघाला तर कोण साक्षीला उभं राहणार? फेरफार क्रमांक 47 पडला. दहावा संघ पुन्हा पड.

अमेरिकेतल्या डॅनियल ओक्रेंट नावाच्या संपादकानं 1980 साली मित्रांना जमवून बेसबॉलची अशीच लीग काढली. न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलात ते जेवायला बसत त्याचंच नाव खेळाला पडलं आणि देशभर त्याचं वेड पसरलं. तो मनुष्य आपण काढलेली लीग कधीच जिंकला नाही. ही गोष्ट लेखकानं सचिवांना धीर द्यायला म्हणून सांगितली. आठ हंगामांत सचिवांचा सर्वांत वरचा नंबर सहावा. त्यांनी ती शांतपणे ऐकली, खताच्या पोत्यावर पेन ठेवलं आणि विचारलं, “बरीच माहिती हाय की तुम्हाला. फुटबॉल बघता?”

“नाही हो, लेखासाठी वाचलं.”

“स्मार्टफोन?”

“आहे.”

“शनिवारी दुपारी काय करता?”

इथं लेखकानं मोटर चालू असल्याचं सांगायला हवं होतं. पण त्याच्याकडे ना विहीर, ना मोटर, आणि तो समोरच उभा होता. सचिवांनी वही उघडली, मालकाच्या रकान्यातलं जुनं नाव न खोडता पुढं ‘सह’ लिहिलं आणि हरकतीचे पंधरा दिवस त्याच बैठकीत माफ केले. संघात पंधरा गडी आहेत. दोन जायबंदी, एकाचा क्लब सापडत नाही, आणि उजव्या बाजूला ‘इतर हक्का’त बोजा आहे: पुढच्या वर्षीची पहिली निवड मास्तरांना दिलेली. हा लेख शनिवारी साडेतीनला द्यायचा होता. अकरा नावंही.